कण्यातलं पाणी आणि नऊ दिवसांची डोकेदुखी

मानेच्या मणक्याचं ऑपरेशन करून माणूस घरी आला, की भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, हातापायांत ताकद आली का? डोकं दुखतं का, असं सहसा कुणी विचारत नाही. दुखलंच तर प्रवासाचा शीण किंवा पित्त म्हणून सोडून दिलं जातं. पण या डोकेदुखीला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

आपला मेंदू आणि मज्जारज्जू स्वच्छ, नितळ पाण्यात असतात. मोठ्या माणसात हे पाणी सुमारे १५० मिलिलीटर, म्हणजे कपभर चहाएवढं. शरीर ते दिवसाला साधारण अर्धा लिटर नव्यानं तयार करतं आणि जुनं जिरवतं. त्याला धरून ठेवणाऱ्या चिवट आवरणाला डॉक्टर ड्यूरा म्हणतात. इटलीतल्या डोमेनिको कोटुन्यो यांनी १७६४ मध्ये या पाण्याचं वर्णन केलं. १८९१ मध्ये जर्मनीच्या हाइनरिख क्विंके यांनी कमरेत सुई घालून ते काढण्याची रीत घालून दिली.

पाणी गळालं तर काय होतं, हे एका डॉक्टरनं स्वतःच्या अंगावर अनुभवलं. ऑगस्ट १८९८ मध्ये जर्मनीतल्या कील इथं आउगुस्ट बियर यांना कण्यात कोकेन टोचून भूल देण्याची पद्धत स्वतःवर करून पाहायची होती. त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी सुई घातली, पण पिचकारी सुईवर बसेना. औषध वाया गेलं आणि बरंच पाणीही वाहून गेलं. पुढचे नऊ दिवस बियर उठून बसले की डोकं दुखायचं, आडवे झाले की थांबायचं. पाणी गेल्यामुळेच हे झालं, हे त्यांनी ओळखलं.

सुईच्या भोकानं एवढं होतं, तर ऑपरेशनमध्ये आवरणच फाटलं तर? १९५० च्या दशकात अमेरिकेत स्मिथ आणि रॉबिन्सन यांनी, तसंच क्लॉवर्ड यांनी मानेची गादी गळ्याच्या बाजूनं काढण्याच्या पद्धती रूढ केल्या. वाट चांगली, पण अरुंद. तिथं आवरणाला टाका घालणं अवघड. नेहमीच्या ऑपरेशनमध्ये अशी गळती शेकडा एकाच्या आसपास होते. मात्र आशियातल्या लोकांत जास्त आढळणाऱ्या एका आजारात मणक्यामागचा पट्टा हाडासारखा कडक होऊन आवरणाला चिकटतो. तो सोडवताना धोका कितीतरी वाढतो. म्हणून जपानी डॉक्टरांनी १९७० च्या दशकात मागच्या बाजूनं जागा मोकळी करण्याची पद्धत विकसित केली.

गळती झाली म्हणजे सगळं संपलं, असं नाही. चरबीचा किंवा स्नायूचा तुकडा, फायब्रिनचा चिकट थर, कमरेतून काही दिवस पाणी काढणारी नळी, असे उपाय आहेत. मानेच्या गळतीत बहुधा डोक्याची बाजू उंच ठेवतात, कमरेच्या गळतीत आडवं झोपवतात. म्हणूनच एकाला सांगितलेला उपाय दुसऱ्यानं करू नये.

आता परभणीचा विचार करू. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. मराठवाड्यात औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये आलं, नांदेडला १९८८ मध्ये आणि परभणीला २०२३ मध्ये. मणक्याच्या मोठ्या ऑपरेशनसाठी माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबई, पुणे, हैदराबादची गाडी धरत आली. गंगाखेड, जिंतूर किंवा पालमला परतलेल्या रुग्णाचा सर्जन शेकडो किलोमीटर दूर राहतो. अशा वेळी पहिली नजर घरच्यांचीच.

ती कशावर ठेवायची? उठलं की वाढणारी आणि झोपलं की उतरणारी डोकेदुखी. पाण्यासारख्या स्रावानं ओली होणारी पट्टी किंवा उशी. जखमेखाली येणारा मऊ फुगवटा. यांतलं काही दिसलं, तर त्याच दिवशी सर्जनला फोन करावा. ताप येऊन मान आखडली तर पाण्यात जंतू शिरल्याची शंका असते. गळ्याला सूज येऊन गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर तास-दोन तासही थांबू नये. या दोन्ही वेळी फोनची वाट न पाहता जवळचं मोठं रुग्णालय गाठावं.

बियर यांची डोकेदुखी नऊ दिवसांत थांबली. ती सुईच्या भोकाची होती. ऑपरेशननंतरच्या डोकेदुखीला मात्र नऊ दिवस देऊ नयेत.