घसरणारी गाडी आणि जुनी सवय

परवा जर्मनीहून नातवाचा फोन आला. नुर्बुर्गरिंगच्या ट्रॅकवर हौसेने मोटार चालवायला गेला होता. "आजोबा, वळणावर मागची चाकं सुटली, मी घाबरून पाय काढला आणि गाडी गर्रकन फिरली!" देवदयेने लागले नाही. पण माझ्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला.

याच ट्रॅकवर १९३६ साली बेर्न्ट रोझमायर दाट धुक्यात शर्यत जिंकला होता. त्याच्या ऑटो युनियन मोटारीचे सोळा सिलिंडरचे इंजिन चालकाच्या पाठीमागे असे. त्यामुळे वळणात मागची बाजू बाहेर पळे. यालाच ओव्हरस्टिअर म्हणतात. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन काढला की भार पुढे जातो आणि मागच्या चाकांची उरलीसुरली पकडही सुटते. पाय बेताने ठेवायचा, नजर जायच्या दिशेला आणि मागची बाजू घसरेल तिकडेच स्टिअरिंग वळवायचे.

रोझमायर मोटारसायकलच्या शर्यतींतून आलेला. शर्यतीच्या मोटारीची जुनी सवयच नव्हती, त्यामुळे ती मोडावीही लागली नाही. वर्गात मीही हेच पाहिले. नवे शिकवणे सोपे, जुने विसरायला लावणे कठीण.

तरीही २८ जानेवारी १९३८ रोजी वेगाच्या विक्रमाच्या प्रयत्नात फ्रांकफुर्टजवळच्या महामार्गावर तो गेला. वय अवघे २८.

नातवाला म्हटले, "अरे, आधी मोकळ्या ओल्या मैदानावर, कमी वेगात, शिकवणारा शेजारी बसवून गाडी घसरव. भीतीची सवय तिथेच मोडते. आणि घरी पोचलास की फोन कर."