विद्यापीठाचा वार्षिक अहवाल

विद्यापीठाच्या धोरण, प्रशासन व संशोधन यांतील वर्षभराच्या वाटचालीचा अधिकृत वृत्तांत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार तो आधी व्यवस्थापन परिषदेपुढे, नंतर अधिसभेपुढे येतो. पुढे तो कुलपती व राज्य शासनाकडे जातो आणि विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत ठेवला जातो. अधिसभेत प्राध्यापक, प्राचार्य, संस्थाचालक व नोंदणीकृत पदवीधर यांचे प्रतिनिधी असतात, त्यामुळे इथली चर्चा हाच अहवालाचा प्राण होय.

हा अहवाल गावापर्यंत कसा पोहोचतो, याचे एक उदाहरण पाहू. इंदापूर तालुक्यातील शेळगाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या (स्थापना १९४९, नामविस्तार २०१४) कार्यक्षेत्रात येते. पुणे, अहिल्यानगर व नाशिक हे जिल्हे त्यात आहेत. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय (१९६२) याच विद्यापीठाशी संलग्न आहे. नवे महाविद्यालय वा अभ्यासक्रम कुठे हवा, हे विद्यापीठाच्या पंचवार्षिक बृहत् आराखड्यात ठरते. शेळगावच्या मुलीला पदवीसाठी रोज किती लांब जावे लागेल, हे त्यावर अवलंबून असते. म्हणून अहवाल वाचताना पीएच.डी. व शोधनिबंधांच्या आकड्यांइतकेच लक्ष आराखड्याच्या अंमलबजावणीकडे द्यायला हवे.