चहा देणाऱ्यांच्या अंगणात

गुरुवार पेठेत पहाटेची घंटा होते आणि तुम्ही उठता. साल १८९०, महिना ऑक्टोबर. पंचहौद मिशनच्या आवाराला लागून तुमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड आहे. बायको चुलीपुढे, आई अजून वाकळेत. आईनं तुमच्या पाठोपाठ गाव सोडलं, बाप्तिस्माही घेतला. पण डोळे उघडताना तिच्या तोंडून अजून विठोबाचंच नाव निघतं. मग ती जरा थांबते आणि येशूचं घेते. हे पाद्रीसाहेबांच्या कानावर घालायचं नाही, असं घरात न बोलताच ठरलेलं आहे.

चर्च अजून नवं आहे. १८८५ साली बांधून झालं, म्हणजे पाचच वर्षं. मिशनचं काम बघतात ते काउलीचे फादर आणि वाँटेजच्या सिस्टर. ह्याच सिस्टरांच्या ओळखीनं पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेजला गेल्या आणि तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकांचा विषय निघाला की तुमची बायको रमाबाईंचं नाव काढते. तिला अक्षरओळख नुकतीच झाली आहे. रमाबाई तिनं कधी पाहिलेल्या नाहीत.

पाण्याला निघा. ज्या पाच हौदांवरून ह्या जागेला नाव पडलं, तिथे तुमच्या कळशीला कोणी हरकत घेत नाही. पेठेतल्या दुसऱ्या एखाद्या हौदावर गेलात तर गोष्ट वेगळी. तुम्ही महारवाड्यात जन्मलात, त्यामुळे हा अनुभव जुना आहे; देव बदलला म्हणून शहराची नजर बदललेली नाही. तुमच्या शेजारच्या मास्तरांचं दुःख मात्र ताजं आहे. ते जन्मानं ब्राह्मण. दोन वर्षांपूर्वीपर्यंत पाणी वरून ओतणारा हात त्यांचा होता, आता ओंजळ त्यांची आहे. त्यांच्या घरच्यांनी त्यांचं घटश्राद्ध उरकलं, म्हणजे जिवंतपणीच त्यांना मेल्यात जमा केलं. त्यांची आई अजून पुण्यातच राहते, पण त्यांना त्या वाड्याचा उंबरा ओलांडता येत नाही.

मिशनच्या आवारात तुम्ही दोघं एका सतरंजीवर बसता, एका प्याल्यातून प्रभुभोजन घेता. ही लहानसहान गोष्ट नव्हे. १८९० च्या पुण्यात अशा जागा बोटावर मोजण्याइतक्या आहेत. तरीही खरं ते सांगायला हवं: मुलामुलींची लग्नं जुळवायची वेळ आली की ख्रिस्ती घरांतही पूर्वीची जात हळूच विचारली जाते. मास्तर विचारतात, तुमची आईसुद्धा विचारते.

हौदावरून परतताना गंज पेठेकडे एक नजर टाका. चालत गेलं तर वाट फार नाही. तिथे जोतीराव फुले आपल्या घरात अंथरुणाला खिळून आहेत. दोन वर्षांपूर्वी पक्षाघातानं त्यांचा उजवा हात गेला, तेव्हा डाव्या हातानं त्यांनी आपलं शेवटचं पुस्तक लिहून काढलं. ते लहानपणी स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ख्रिस्ती झाले नाहीत. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला आणि रमाबाईंवर धर्मांतरासाठी गहजब उठला तेव्हा १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. पंचहौदातल्या लोकांना हे माहीत आहे. बाटगे, किरिस्ताव हे शब्द रोज कानावर पडत असताना बाजूच्या पेठेत असा एक माणूस आहे, हा केवढा आधार!

दिवस शाळेत जातो. तुम्ही बिगारीच्या पोरांना धुळाक्षरं गिरवायला लावता. पोरांची नावं पुकारा: शांतवन, याकोब, मनोहर, शलोमोन, गणपत. गणपतला बाप्तिस्म्याच्या वेळी नवं नाव दिलं होतं, पण तो त्या नावाला ओ देत नाही. मधल्या सुट्टीत बायबलबाई येते. ती पेठेतल्या घरोघरी जाऊन बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवते. काही घरी पायरीवर बसवतात, काही घरी दार लोटून घेतात. आज एका म्हातारीनं तिला पूर्ण अध्याय वाचू दिला आणि वर गुळाचा खडा दिला. तो खडा लांबून टाकला होता, हेही ती सांगते. सांगताना तिच्या आवाजात तक्रार नसते.

आणि आता ती संध्याकाळ. मिशनमध्ये व्याख्यान आहे. गावातली मोठी मंडळी येताहेत: न्यायमूर्ती रानडे, ‘केसरी’चे टिळक, वकील, प्राध्यापक. ह्या सगळ्यांना गोळा करण्यात पुढाकार आहे गोपाळराव जोशींचा. डॉक्टर झालेल्या आनंदीबाईंचे हे यजमान. व्याख्यानानंतर पाहुण्यांना चहा-बिस्किटं द्यायची असं ठरतं आणि समजा, त्या कामावर तुम्ही आहात. कप कोणी भरले, कोणी नेऊन दिले ह्याची नोंद माझ्या वाचनात आलेली नाही, म्हणून ती जागा मी तुम्हाला देतो आहे.

पाणी त्याच हौदांचं. चुलीवर आधण ठेवलं आहे, बायको कपबशा पुसून तबकात मांडते. त्यातल्या एका बशीचा टवका उडाला आहे, ती तिनं मागे सरकवली. तबक उचलता आणि तुमच्या लक्षात येतं की जन्मात पहिल्यांदा तुम्ही सदाशिव-शनिवारच्या माणसांपुढे काही खाण्यापिण्याचं घेऊन चालला आहात. कोपरापासून हात जड होतो. समोर पगड्या, उपरणी, अंगरखे. एकजण कप घेतो. दुसरा घेतो. कोणी घोट घेतात, कोणी कप हातात धरून बोलत राहतात, कोणी तो तसाच खाली ठेवतात. तुम्ही खाली मान घालून पुढे सरकता. स्वयंपाकघरात परत आल्यावर बायको एवढंच विचारते, “घेतला?” तुम्ही म्हणता, “घेतला.” त्या रात्री प्रार्थनेला तुम्ही जरा जास्त वेळ गुडघ्यावर असता.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. गोपाळरावांनी हजर असलेल्यांची यादी छापून आणली, ‘पुणे वैभवा’त ती झळकली, सनातनी मंडळी शंकराचार्यांकडे गेली. ग्रामण्य झालं. चौकशी बसली, बहिष्कार पडले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं आणि त्यावरून सुधारकांनी त्यांना धारेवर धरलं. ह्या प्रकरणावर मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे. कोण प्यालं, कोण नाही, कोणाला किती प्रायश्चित्त, कोणाचं वागणं सुसंगत. पण ज्यांच्या हातचं घेतल्यानं माणूस विटाळतो असं दोन वर्षं गावभर चाललं होतं, ती माणसं त्याच गावात राहत होती, ‘केसरी’ वाचत होती. त्या दोन वर्षांत त्यांच्या मनाचं काय झालं असेल? हा प्रश्न आपल्या इतिहासानं फारसा विचारलेला नाही, आणि मला ही मोठी उणीव वाटते.

मंडईत भाजीवाली तुमच्याकडे बघून हसते आणि विचारते, “काय मास्तर, आम्हालाबी पाजता का चहा?” ती चांगल्या मनानं थट्टा करते आहे. तुम्ही वांगी घेता आणि निघता.

नोव्हेंबरात दोन गोष्टी घडतात. रमाबाईंचं विधवांसाठीचं शारदा सदन मुंबईहून पुण्याला येतं. आता तुमच्या बायकोला त्या दिसतील. आणि २८ तारखेला जोतीराव जातात. अंत्ययात्रेत टिटवं कोणी धरायचं ह्यावरून भाऊबंद अडून बसतात, तेव्हा सावित्रीबाई ते स्वतः हातात घेतात आणि पुढे चालू लागतात. तुम्ही गर्दीत मागे उभे आहात. प्रार्थना कोणती म्हणावी ते सुचत नाही, तरी ओठ हलतात.

मग नाताळ. चार दिवस आधीपासून घरात करंज्या, चकल्या, शंकरपाळे. दिवाळीला आई जे करायची तेच. हात तोच आणि झाराही तोच. दारात रांगोळी काढायची की नाही ह्यावर सासूसुनेत थोडी कुरबूर होते आणि शेवटी रांगोळीत तारा निघतो. चपला बाहेर काढून तुम्ही चर्चमध्ये शिरता. बायका एका बाजूला, डोक्यावर पदर, कपाळ मोकळं. अहमदनगरकडून आलेला एक पाहुणा टाळ घेऊन उभा राहतो आणि कृष्णराव सांगळ्यांच्या वळणाचं ख्रिस्ती कीर्तन लावतो. चाल ओळखीची निघते. तुमची आई इतका वेळ इंग्रजी सुरांच्या गीतांना गप्प बसलेली असते. आता ती टाळ्यांचा ठेका धरते. पहाटे जीभ अडखळते तो अडथळा इथे नाही. ज्ञानोबा-तुकोबांनी घडवलेली भाषा तिला दोन्हीकडे पुरते. पुढे पाचच वर्षांत, १८९५ मध्ये, नारायण वामन टिळक ख्रिस्ती होतील आणि हाच मार्ग रुंद करतील. त्यांच्यामागून लक्ष्मीबाई १९०० मध्ये येतील आणि घर, सोवळं, नवरा, देव ह्या सगळ्यांचा झगडा ‘स्मृतिचित्रे’त असा मांडतील की मराठीला त्याची सर दुसऱ्या पुस्तकात सापडू नये.

इथून वर्षं भराभर ओलांडा. १८९३: शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून वादळ, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर. १८९७: प्लेग, प्लेग अधिकारी रँडचा अंमल, ओस पडलेल्या पेठा. १८९८: केडगावला रमाबाईंचं ‘मुक्ती’ सदन. तिथे दुष्काळातून वाचलेल्या मुली छापखान्यात खिळे जुळवायला शिकतात आणि रमाबाईंनी मूळ भाषांवरून मराठीत आणलेलं बायबल तिथेच छापलं जातं. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या.

आता थांबा. तुम्ही आजच्या गुरुवार पेठेत आहात. उंच घंटाघर, खाली दुचाक्यांची दाटी, रविवारी मराठी उपासना. आवारातून बाहेर पडणारी आजी नऊवारीत नसेल, पण नाताळच्या करंज्यांबद्दल विचारलंत तर सारणात खसखस किती ते नक्की सांगेल.

पुण्यातल्या ख्रिस्ती घरांना एक विनंती. आजोबांचा बाप्तिस्म्याचा दाखला, आजीच्या हातची गीतांची वही, मिशनच्या शाळेचा एखादा फोटो कपाटात असेल तर त्याच्या मागे नावं लिहून ठेवा, आणि घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाशेजारी बसून त्यांना आठवतं तेवढं उतरवून घ्या. चहा पिणाऱ्यांची यादी ‘पुणे वैभवा’नं तेव्हाच छापली. देणाऱ्यांची अजून छापायची आहे.