पडीक जमिनीवरचा धाविक

ऑगस्ट २०२५ मध्ये पक्षिनिरीक्षकांच्या एका गटाने आंध्र प्रदेशातील झुडपी माळावर रात्रीच्या वेळी दोन सुरांची एक साद ध्वनिमुद्रित केली. पक्षी दिसला नाही; ऐकू आला, एवढेच. तरीही ही राष्ट्रीय बातमी ठरली. साद जर्डनच्या धाविकाची होती, आणि दीड दशकाहून अधिक काळ त्याच्या अस्तित्वाचा खात्रीचा पुरावा कोणाच्याही हाती नव्हता.

हरवण्याची या पक्ष्याची ही पहिली वेळ नव्हे. मद्रास सैन्यातील शल्यचिकित्सक थॉमस जर्डन यांनी मिळवलेल्या नमुन्यावरून एडवर्ड ब्लाइथ यांनी १८४८ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. छातीवरच्या दोन पट्ट्यांमुळे जातिनाम पडले ‘बायटॉर्क्वाटस’. पेन्नार आणि गोदावरीच्या खोऱ्यांत, अगदी आजच्या गडचिरोलीतील सिरोंचापर्यंत, त्याच्या नोंदी झाल्या. १९०० मध्ये अनंतपूरजवळ तो दिसला आणि त्यानंतर नोंदी थांबल्या. पुढे सालिम अली यांच्यासारख्या जाणत्यांनीही शोध घेतला, पण व्यर्थ. अनेकांनी तो नामशेष झाला असे गृहीत धरले. (कोलार सुवर्णखाणींच्या परिसरातून १९१७ मध्ये गोळा केलेले एक अंडे मात्र स्कॉटलंडमधील अॅबर्डीन विद्यापीठाच्या संग्रहालयात पडून होते. ते याच पक्ष्याचे असल्याचे डीएनए चाचणीने सिद्ध व्हायला २०१३ साल उजाडले.)

जानेवारी १९८६ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे भरत भूषण यांच्या शोधमोहिमेला कडप्पा जिल्ह्यात यश आले. पक्षी प्रत्यक्ष पकडला तो एका स्थानिक पारध्याने, रात्री, विजेरीच्या उजेडात. पूर्वीचे शोध कुठे चुकले याचे उत्तर त्या विजेरीत होते: पक्षी निशाचर होता आणि शोधणारे दिवसा हिंडत होते. गावकऱ्यांकडे त्याला नावही होते, ‘कलिवि कोडी’, म्हणजे करवंदीच्या जाळीतली कोंबडी. शास्त्राने ज्याला मृत मानले होते, त्याची गावाच्या बोलीत रोजची ओळख होती. पकडलेला तो पक्षी जगला नाही. मात्र या शोधातूनच पुढे श्री लंकमल्लेश्वर अभयारण्य उभे राहिले.

यानंतरचा प्रश्न अधिक अवघड होता: न दिसणाऱ्या पक्ष्याची गणना कशी करायची? २००० नंतर पी. जगनाथन, ऱ्हिस ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झुडपांमधल्या वाटांवर बारीक मातीचे पट्टे अंथरले आणि सकाळी त्यांवर उमटलेले पायांचे ठसे तपासले. त्याची साद पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाली तीही याच काळात. सूर्यास्तानंतर तासाभराच्या आत, जेमतेम काही मिनिटे तो बोलतो. तेवढी वेळ चुकली की रात्र रिकामी जाते. त्यामुळे ‘आढळला नाही’ आणि ‘नाही’ यांतले अंतर या पक्ष्याच्या बाबतीत फार मोठे आहे.

या ठशांमधून निघालेला निष्कर्ष या साऱ्या इतिहासाचा गाभा म्हणावा लागेल. दोन मीटरांहून उंच झुडपे हेक्टरी ३०० ते ७०० आणि त्याहून लहान झुडपे हजारापेक्षा कमी, अशा ठिकाणी धाविक असण्याची शक्यता सर्वाधिक होती. म्हणजे त्याला दाट रान चालत नाही आणि उघडा माळही चालत नाही. झुडपांमधून धावायला मोकळी, खडकाळ जमीन लागते. झुडपे तोडून लिंबाची बाग लावली तर तो जातो. कुंपण घालून रान माजू दिले तरी जातो. मेंढ्यांची चराई आणि सरपणाची तोड बेताची राहिली, तर कदाचित त्याच्या सोयीचा विरळपणा टिकतो. संरक्षण म्हणजे माणसाला बाहेर ठेवणे, ही रूढ समजूत इथे अपुरी पडते.

महसूल दप्तराला हा विरळपणा कधीच दिसला नाही. जिथून सारा मिळत नाही ती जमीन ‘पडीक’, हे वर्गीकरण ब्रिटिश अमलात रुजले. स्वतंत्र भारताच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही ‘झुडपे असलेली जमीन’ आणि ‘उघडी खडकाळ जमीन’ हे ओसाडीचेच प्रकार आहेत. पडीक जमीन रिकामी समजली जाते, आणि रिकाम्या जागेवर काहीही आखता येते. कृष्णेचे पाणी चेन्नईकडे नेणाऱ्या तेलुगू गंगा प्रकल्पाचा कालवा नेमका धाविकाच्या अधिवासातून आखला गेला. २००५ मध्ये खोदाईची यंत्रे तिथे पोहोचली, तेव्हा संशोधकांकडे दाखवायला होते ते मातीवरचे ठसे आणि ध्वनिफिती. तेवढ्या पुराव्यावर त्यांनी आक्षेप घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या समितीपर्यंत गेले आणि कालव्याचा मार्ग बदलला. थोड्याच वर्षांत पक्ष्याच्या नोंदी मात्र पुन्हा थांबल्या.

आता साद परत आली आहे. तो पक्षी एकटा आहे की त्याची जोडी आहे, हे ध्वनिफितीवरून कळत नाही. ते कळण्यासाठी पुन्हा अंधारात, सूर्यास्तानंतरच्या त्या मोजक्या मिनिटांत, त्याच माळावर उभे राहावे लागणार आहे.