लाटरोधक बांध

बंदरातील पाणी शांत राहावे व जहाजांना सुरक्षितपणे नांगरता यावे, यासाठी खुल्या समुद्राच्या बाजूस उभारलेल्या बांधास लाटरोधक बांध म्हणतात. असा बांध लाटांना केवळ अडवीत नाही. तो लाटांचे रूप बदलतो आणि बदललेल्या लाटा त्याच्या पायथ्याचा समुद्रतळ बदलतात. ही परस्परक्रिया अभियंत्यांना बव्हंशी बांध ढासळल्यानंतरच उमगत गेली.

लाटेची क्रिया : पाण्याची खोली तरंगलांबीच्या निम्म्याहून कमी झाली की, लाटेवर तळाचा परिणाम होऊ लागतो. तिचा वेग व तरंगलांबी घटते, उथळ पाण्यात उंची वाढते आणि उंची खोलीच्या सुमारे ०·७८ पट झाली की ती फुटते. उभ्या भिंतीवर न फुटता आलेली लाट परावर्तित होते. येणाऱ्या व परतणाऱ्या लाटांच्या मीलनाने स्थिर तरंग निर्माण होऊन भिंतीपाशी पाणी जवळजवळ दुप्पट उंचीने वरखाली होते. भिंतीपासून पाव तरंगलांबी अंतरावर तळालगतच्या पाण्याची पुढेमागे हालचाल सर्वांत तीव्र असते. तळ वाळूचा असल्यास तो खरवडला जाऊन भिंतीचा पाया धोक्यात येतो. दगडांच्या उतरत्या राशीवर मात्र लाट फुटते व तिची बरीचशी ऊर्जा दगडांमधील पोकळ्यांत खर्ची पडते.

ऐतिहासिक विकास : फ्रान्समधील शेरबूर येथे १७८४ पासून दगडांनी भरलेले प्रचंड लाकडी शंकू समुद्रात बसविण्यात आले, वादळांत ते मोडल्याने ही योजना सोडून द्यावी लागली. इंग्लंडमधील प्लिमथ येथे १८१२ मध्ये दगडी राशीच्या बांधाचे काम सुरू झाले. १८२४ च्या वादळाने तिची समुद्राकडील बाजू सपाट केली. त्यानंतर लाटांनीच घडविलेला १ : ५ चा सौम्य उतार स्वीकारण्यात आला.

लाटांचा दाब प्रत्यक्ष मोजण्याचे श्रेय टॉमस स्टीव्हन्सन (१८१८–८७) या स्कॉटिश अभियंत्याकडे जाते. १८४० नंतरच्या दशकात त्यांनी स्प्रिंगयुक्त दाबमापक किनाऱ्यावरील खडकांवर बसविले. त्यांवर दर चौ. फुटास ६,०८३ पौंडांपर्यंत दाब नोंदला गेला. तथापि स्कॉटलंडमधील विक येथे त्यांच्याच बांधाच्या टोकाचा, लोखंडी सळयांनी जखडलेला सुमारे १,३५० टनांचा भाग १८७२ च्या वादळात सरकला. त्याच्या जागी बसविलेला २,६०० टनांचा भागही १८७७ मध्ये लाटांनी हलविला. मोजमाप अचूक असले, तरी केवळ वजन वाढवून भागत नाही, हे यावरून दिसून आले.

१९३८ मध्ये स्पॅनिश अभियंते रामोन इरिबारेन यांनी दगडाचे आवश्यक वजन लाटेच्या उंचीच्या घनाशी निगडित असल्याचे मांडले. म्हणजे लाटेची उंची दुप्पट झाल्यास आठपट वजनाचा दगड लागतो. एवढे दगड खाणींतून मिळणे अशक्य असल्याने परस्परांत गुंतणारे काँक्रीटचे ठोकळे पुढे आले. फ्रान्समधील ग्रनॉबल येथे १९५० मध्ये चार पायांचा टेट्रापॉड, तर दक्षिण आफ्रिकेत १९६० नंतर डोलोस हा सडपातळ ठोकळा तयार झाला.

फेब्रुवारी १९७८ मध्ये पोर्तुगालमधील सीनेस येथे ४२ टनी डोलोसांचे कवच वादळात उद्ध्वस्त झाले. ठोकळे केवळ घसरले नाहीत, तर लाटांच्या हेलकाव्यांनी मोडले. वजनाच्या सूत्रांत काँक्रीटच्या ताणबलाचा विचारच नव्हता. यानंतर अधिक भरीव ठोकळ्यांकडे कल वळला व प्रतिकृतींवरील चाचण्यांना महत्त्व आले. भारतात अशा चाचण्या पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेत केल्या जातात.