पटकी, पित्त आणि आतड्याचे पाणी

अन्न पचवण्यासाठी शरीर रोज आतून कितीतरी पाणी सोडते आणि जवळजवळ सगळे परत घेते. प्रौढ माणसाच्या लाळग्रंथी दिवसाला लिटर-दीड लिटर लाळ देतात, जठर सुमारे 2 लिटर आम्लरस, यकृत अर्धा ते एक लिटर पित्त आणि स्वादुपिंड लिटरभर पाचकरस. आतड्याच्या भिंतीतल्या सूक्ष्म ग्रंथींचा पाझर वेगळाच. प्यालेले पाणी धरून 8-9 लिटर द्रव आतड्यात उतरतो. मलावाटे जातो तो जेमतेम 100 ते 200 मिलिलिटर. हा हिशेब उलटला की काय होते, ते नर्मदाकाठाने 1818 मध्ये पाहिले.

नर्मदाकाठचे जबलपूर डिसेंबर 1817 मध्ये नागपूरकर भोसल्यांकडून इंग्रजांकडे गेले. त्याच्या महिनाभर आधी, पेंढाऱ्यांवरच्या मोहिमेसाठी बुंदेलखंडात उतरलेल्या गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत पटकी (कॉलरा) शिरली होती. पुढच्या वर्षी ती जबलपूर, नागपूर करत दख्खनेत आणि मुंबईत पोचली. सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत संपे. डोळे खोल जात, बोटांची कातडी सुरकुते, आवाज बसे. मराठी गावे या रोगाला मरीआईचा कोप मानत आणि देवीचा गाडा वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडत.

फौजेतल्या डॉक्टरांनी लक्षणे बारकाईने टिपली, पण अर्थ चुकीचा लावला. तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके जुलाब पाहून पित्त अडले, यकृत थंडावले असे त्यांना वाटले. म्हणून पाऱ्याचे कॅलोमेल, अफूचा अर्क आणि शीर तोडून रक्त काढणे. शवविच्छेदनात पित्ताशय भरलेले सापडे, तरी ही समजूत लवकर सुटली नाही. यकृत पित्त करतच होते. आतड्यात उतरे तेवढे पाण्याच्या लोंढ्यात विरून जाई. कोरड्या पडलेल्या देहातून रक्त काढणे हा त्या काळातला सर्वांत घातक उपाय म्हणावा लागेल.

ग्रंथींना पाझरण्याचा निरोप कसा मिळतो, हेही तेव्हा ठाऊक नव्हते. लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग यांनी 1902 मध्ये दाखवले की जठरातले आम्ल लहान आतड्याच्या तोंडाशी पोचताच आतडे सिक्रेटिन हे द्रव्य रक्तात सोडते आणि स्वादुपिंड अल्कधर्मी रस पाठवते. जठरातले हेच आम्ल पटकीचे बहुतेक जंतू मारते. पाणी फार दूषित असले किंवा आम्ल कमी पडले, की उरलेले जंतू पुढे सरकतात.

दूषित पाण्याची वाट जबलपुरात हळूहळू अडवली गेली. 1883 मध्ये शहराला खंदारी जलाशयाचे पाणी मिळू लागले. मग कारखान्यांमुळे वस्ती वाढली आणि पाण्याची गरजही. तोफगाड्यांचा कारखाना 1904 मध्ये उभा राहिला, पुढे खमरियाचा दारूगोळा कारखाना आणि 1969 मध्ये वाहन कारखाना आला. पूर्वेकडचा रांझीचा भाग कामगार कुटुंबांनी भरला. परियट जलाशयाचे पाणी शुद्ध करणारे केंद्र याच रांझीत आहे.

रोगाचे मूळ कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये उलगडले. जंतू गाळून काढलेला द्रव सशाच्या आतड्यात सोडला, तरी ते पाण्याने फुगले. म्हणजे काम जंतूंच्या विषाचे होते. हे विष आतड्याच्या ग्रंथीपेशींना क्लोराइड सोडत राहायला लावते. त्यामागून सोडियम आणि पाणी जाते. आतड्याची भिंत मात्र शाबूत राहते, आणि ग्लुकोजबरोबर सोडियम आत ओढणारी वाट चालू असते.

त्याच वाटेने 1971 मध्ये दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. तांदळाची मीठ घातलेली पेजही याच कारणाने उपयोगी पडते. पटकीतही स्वादुपिंडाचा रस स्टार्च फोडत राहतो आणि उरलेले काम आतड्याच्या अस्तरावरची विकरे पुरे करतात. त्यातून सुटणारे ग्लुकोज मिठातल्या सोडियमला सोबत घेऊन आत जाते, आणि पाणी त्यांच्यामागून रक्तात परतते.