विद्यापीठाचा हिशेब कोणापुढे?

विद्यापीठाचा जमाखर्च कोणापुढे मांडावयाचा, या प्रश्नाचे उत्तर दीड शतकाहून अधिक काळात तीनदा बदलले आहे. १८५७ च्या मुंबई विद्यापीठाच्या कायद्याने सर्व शुल्काचा एक निधी करून त्याचा हिशेब वर्षातून एकदा सपरिषद गव्हर्नरापुढे तपासणीसाठी ठेवावयास सांगितले. खानदेशातील परीक्षार्थींचे शुल्कही याच निधीत जाई. परंतु ते भरणाऱ्यास हिशेब विचारण्याचा अधिकार नव्हता.

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले व खानदेश त्याच्या कक्षेत आला. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावास उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाले. २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखले जाते. १९९४ व २०१६ च्या राज्य कायद्यांनी लेखापरीक्षित हिशेब अधिसभेपुढे आणि विधिमंडळापुढे आणले. अधिसभेत पदवीधरांचे निर्वाचित प्रतिनिधी असल्याने हिशेब घेणाऱ्यांत समाजाचा शिरकाव झाला.

तिसरा बदल २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा. मुक्ताईनगरचा, म्हणजे पूर्वीच्या एदलाबादचा, कोणीही रहिवासी दहा रुपये भरून विद्यापीठाकडे खर्चाचे कागद मागू शकतो. त्यास सामान्यतः तीस दिवसांत उत्तर मिळावयास हवे. अंदाजपत्रकासारखी माहिती तर कोणी न मागताच प्रसिद्ध करावयाची आहे.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. ‘हिशेब’ हा शब्द मुळात अरबी, ‘फडणीस’ हा फारसी ‘फर्दनवीस’पासून आलेला, तरी दोन्ही मराठीत पूर्णपणे मुरले. ‘जबाबदार’ या शब्दात तर ‘जबाब’ उघडच आहे: ज्याच्याकडे उत्तर आहे, वा असावयास हवे, तो जबाबदार. उलट ‘विनियोजन’, ‘अग्रेषित शिल्लक’ अशा परिभाषेपुढे सामान्य वाचक थबकतो. वही उघडी असूनही त्याच्यापुरती ती मिटलेलीच राहते. माहितीचा प्रसार करताना स्थानिक भाषा विचारात घ्यावी, असे २००५ च्या कायद्याचे चौथे कलम सांगते. त्याचे मर्म हेच होय.

मुक्ताईनगर परिसरातील केळी पिकविणारा बाप मुलीचे परीक्षाशुल्क भरतो. शुल्क किती जमले, कशावर खर्ची पडले, शिल्लक कोठे आहे, ही तीन उत्तरे त्यास कोणाच्या मदतीवाचून वाचता आली, तरच हिशेब त्याच्यापुढे मांडला असे म्हणता येईल.